लॅबमधली उमेदवारी: नुसतं बघायचं की हात चालवायचा?

नमस्कार मंडळी,

मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत लॅबमध्ये उमेदवारी करायची म्हणून मेल पाठवले होते, दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका ठिकाणी जीन एडिटिंगवर काम चालतं. विषय भारी, पण तिथल्या मॅडमनी आधीच सांगितलंय की सुरुवातीचे काही आठवडे फक्त शेजारी उभं राहून बघायचं. दुसरी लॅब मातीतल्या जिवाणूंवर काम करते. तिथे पहिल्या दिवसापासून मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लावणं, स्ट्रीकिंग (प्लेटवर जिवाणूंच्या रेघा ओढणं) करणं. प्रॅक्टिकलला चौघांत एक मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन), त्यामुळे माझा हात अजिबात बसलेला नाही. सीनियर म्हणतात, दुसरीकडे जाशील तर भांडी घासत बसशील. काय करू? आणि होकार कळवण्याआधी काय विचारलं तर उद्धटपणा वाटणार नाही?

प्रतिसाद १

डोळे झाकून दुसरी. मीडिया बनवणं हे हलकं काम नाही. ऑटोक्लेव्हला १२१ अंशांना १५ मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. पण मोठ्या फ्लास्कच्या पोटातलं द्रव तितकं तापायला जास्त वेळ लागतो, झाकण सैल ठेवावं लागतं, आणि दाब घाईने सोडला तर मीडिया उकळून बाहेर येतो, हे स्वतः केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

पिपेटसाठी एक उद्योग सांगतो. बारीक वजनकाट्यावर १०० मायक्रोलिटर पाणी पुन्हा पुन्हा सोड आणि दरवेळी वजन लिही. १०० मिलिग्रॅमच्या जवळपास यायला हवं. आकडे विखुरले तर हात कच्चा, सगळे एकाच बाजूला सारखे चुकले तर पिपेट तपासायला दे. भरताना पिपेटचं बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखे इथेच गडबडतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी बराचसा सहमत, फक्त 'डोळे झाकून' नको. प्रमुख बाई किंवा सर बेंचवर क्वचितच दिसतात, शिकवतो तो पीएचडीचा विद्यार्थी. म्हणून सरळ विचार, "रोज मी कोणाबरोबर काम करेन? त्यांच्याशी आधी बोलता येईल का?" यात उद्धट काहीच नाही. त्या माणसाला विचार की मागच्या उमेदवाराने स्वतःच्या हाताने काय काय केलं, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) त्यानेच लावले का, प्रयोगांच्या नोंदींची वही त्याची होती का. उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समज.

आणि जिथे जायचं नाही तिथे आजच कळव. तुझ्यासाठी जागा धरून ठेवली असेल.