ओटू सेन्सर नवा टाकला, तरी चेक इंजिनची लाइट परत लागते

प्रश्न: सह्याद्री_चौथा_गिअर

गाडी २०१६ ची, बीएस-४, १.२ लिटर पेट्रोल, ८४,००० किमी. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. चेक इंजिनची लाइट लागली, स्कॅनरवर पी०१७१ आला. मेकॅनिकने पुढचा ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलून कोड क्लिअर केला. साधारण २०० किमीनंतर तोच कोड परत. पुन्हा क्लिअर केला, पुन्हा आला. सेन्सर ओरिजिनल आहे. पेट्रोलवर मायलेज पडलंय आणि सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. माझ्याकडे ईएलएम ३२७ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर) आहे, लाइव्ह डेटा बघता येतो. काय काय तपासू?

पाना_बावीस

पी०१७१ म्हणजे 'पहिल्या बँकेचं (सिलिंडरच्या रांगेचं) मिश्रण लीन', म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. सेन्सर खराब आहे असं हा कोड कुठेच म्हणत नाही. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारी पी०१३० ते पी०१३५ मध्ये येतात. त्यातला पी०१३५ हीटर सर्किटचा. इथे सेन्सरने चहाडी केली आणि चहाडी करणाऱ्यालाच बदललं गेलं.

पुढच्या वेळी कोड क्लिअर करण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीचे साठवलेले आकडे) लिहून घ्या. आरपीएम, लोड, स्पीड, कूलंटचं तापमान. क्लिअर केलं की ते पुसलं जातं.

आता फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधन किती टक्के वाढवतोय (+) किंवा कमी करतोय (−). शॉर्ट टर्म ही त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म ही शिकून साठवलेली. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्हींची बेरीज महत्त्वाची, एकटा आकडा फसवतो. बेरीज ±१० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. बऱ्याच गाड्यांत ती +२५ च्या आसपास गेली की लाइट लागते. तीन ठिकाणी नोंदवा: आयडलला, २,५०० आरपीएमवर, आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढावर. आयडलला जास्त आणि २,५०० ला कमी, तर व्हॅक्यूम लीक. इनटेकचं पॅकिंग, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप तपासा. चढावर वाढत असेल, तर इंधन कमी पडतंय.

तेलकट_चिंधी

वरच्यांचं बरोबर आहे, पण व्हॅक्यूम लीकचा तो नियम हवा मोजणारा एमएएफ असलेल्या इंजिनाचा. एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या पाइपमध्ये वायरवाला सेन्सर दिसतो का बघा. नसेल आणि मॅनिफोल्डवर एमएपी (आतला दाब मोजणारा सेन्सर) असेल, तर लीकमधून आलेली हवाही दाब वाढवते आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल देतो. अशा गाडीत लीकचं लक्षण म्हणजे आयडल वर चढणं. ट्रिम फारसं हलत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या एमएपीवाल्याच आहेत, आणि तरी गॅरेजमध्ये पहिला कार्ब क्लीनरचा फवारा निघतो. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ तो मारू नका, भडका उडतो.

दुसरं, एक्झॉस्ट गळती. मॅनिफोल्डचं पॅकिंग सेन्सरच्या आधी फुंकत असेल, तर दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो लीन, उगाच पेट्रोल ओततो. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअर लावा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर, सेन्सरच्या बुडाशी साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की सापडलं.

गुरुवार_पेठ_वायरमन

जुना सेन्सर काढताना कपलर ओढला गेला असेल तर तेही बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. हीटरच्या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात, बहुतेक कंपन्यांत पांढऱ्या, डेन्सोत काळ्या. त्यांच्यात थंड सेन्सरवर साधारण २ ते १५ ओहम यायला हवा. कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर घालू नका: सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत जाते. त्याच कारणाने या वायरी सोल्डर करायच्या नसतात, क्रिंपच करायच्या.

रिड्यूसर_आणि_रेल

प्रश्नकर्त्याने सीएनजीचं एका वाक्यात उरकलं, पण मला सगळं तिथेच दिसतंय.

या किटमध्ये सीएनजीचा ईसीयू पेट्रोल ईसीयूचा चाकर असतो. पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे पेट्रोल ईसीयू ठरवतो, सीएनजीवाला त्याला मॅपमधल्या (ट्यूनरने भरलेल्या तक्त्यातल्या) आकड्याने गुणून गॅस सोडतो. गाडी गॅसवर आहे हे पेट्रोल ईसीयूला माहीतच नसतं. त्यामुळे गॅस कमी पडला की तो 'पेट्रोल कमी पडतंय' असं समजून लाँग टर्म वाढवत नेतो. मग तुम्ही पेट्रोलवर येता तेव्हा तेच वाढीव ट्रिम लागू राहतं आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे इंधन जास्त. ही गाडी स्टार्ट पेट्रोलवर होते, आणि सेन्सर तापेपर्यंत शॉर्ट टर्म ते दुरुस्तही करू शकत नाही. सकाळचा वास आणि पेट्रोलवरचं पडलेलं मायलेज इथून येतं.

चाचणी सोपी आहे. इंजिन पूर्ण तापू द्या. सीएनजीवर २,५०० आरपीएम धरा, दोन्ही ट्रिम लिहा. रेस न सोडता स्विच दाबून पेट्रोलवर या आणि पहिल्या काही सेकंदांत शॉर्ट टर्म कुठे जातं ते बघा. लाँग टर्म लगेच हलत नाही, म्हणून फरक शॉर्ट टर्ममध्ये उघडा पडतो. एक्झॉस्ट गळती किंवा सेन्सरचा दोष असेल तर बेरीज दोन्ही इंधनांवर जास्तच राहील.

सह्याद्री_चौथा_गिअर

एमएएफ नाही, एमएपीच आहे. साबणाचे बुडबुडे कुठे आले नाहीत. आकडे, लाँग आणि शॉर्ट या क्रमाने:

सीएनजी, आयडल: +१२, +१
सीएनजी, २,५००: +१७, +३
सीएनजी, चढावर तिसरा गिअर: +२२, +६
२,५०० वर पेट्रोलला स्विच केल्यावर: +१७, −१३

रिड्यूसर_आणि_रेल

पेट्रोलवर बेरीज +४. म्हणजे ओटू सेन्सर, एक्झॉस्ट, पेट्रोल पंप, इंजेक्टर सगळे सुटले. ते +४ सुद्धा बहुधा इथेनॉलचं: शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५ लागतं. जुन्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम चार-पाच टक्के वर बसणारच.

सीएनजीवर बेरीज १३, २०, २८. लोडबरोबर चढतेय. नुसता मॅप सरसकट कमी असता तर वाढ सगळीकडे साधारण सारखी दिसली असती. हा पुरवठा कमी पडण्याचा नमुना आहे. क्रमाने बघायला सांगा:

१. रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणारा) आणि रेल (गॅस इंजेक्टरची पट्टी) यांच्या मधला लो-प्रेशर फिल्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन त्यात साचतं. साधारण २० हजार किमीला बदलायचा असतो, आणि बहुतेकांचा कधीच बदललेला नसतो.

२. मॅनिफोल्डपासून रिड्यूसरला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप, चिरलाय किंवा निसटलाय का.

३. लॅपटॉप जोडून गॅस प्रेशर. आयडलला समजा २ बार आहे आणि एकदम रेस दिल्यावर १.५ च्या खाली कोसळतंय, तर फिल्टर किंवा रिड्यूसर.

हे झाल्यावरच मॅपला हात. कसोटी अशी: त्याच आरपीएमला, त्याच लोडला पेट्रोल इंजेक्टरचे मिलिसेकंद दोन्ही इंधनांवर सारखे यायला हवेत. पेट्रोलवर ३.० आणि गॅसवर ३.६ असेल, तर ईसीयूला २० टक्के जास्त मागावं लागतंय, म्हणजे गॅस कमी मिळतोय. ट्यूनर आधी मॅप वाढवून द्यायला निघाला तर थांबवा. तुंबलेल्या फिल्टरवर मॅप बसवला आणि पुढे फिल्टर बदलला, की गाडी रिच होऊन पी०१७२ घेऊन परत याल.

लो-प्रेशर बाजूलाही हात घालायच्या आधी सिलिंडरचा वाल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस इंजिन बंद पडेपर्यंत चालवून संपवतात. टाकीपासून रिड्यूसरपर्यंतची स्टीलची नळी घरी सोडवायची नाही, भरलेल्या टाकीत २०० बार असतात.

सह्याद्री_चौथा_गिअर

फिल्टर बदलला. जुना पिळला तर काळं तेल निघालं. मॅप अजून बदललेला नाही. आता सीएनजीवर २,५०० ला बेरीज +७, चढावर +९. कोड क्लिअर करू की तसंच ठेवू?

पाना_बावीस

लाइट स्वतःहून जायला सलग तीन ड्राइव्ह सायकल (स्टार्ट करून चालवून बंद करण्याचा एक फेरा) स्वच्छ जाव्या लागतात, आणि साठलेला कोड पुसायला साधारण ४० वॉर्म-अप (थंड इंजिन पूर्ण तापण्याचे फेरे). घाई नसेल तर तसंच चालू द्या. क्लिअर केलंत तर मात्र शिकलेलं ट्रिमही शून्यावर येतं, म्हणून पहिले वीस-तीस किमी पेट्रोलवर चालवा, मग सीएनजीवर या आणि आठवड्याने पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड बघा. पी०१७१ दोन सायकलींत दिसल्यावरच लाइट लागते, पेंडिंगमध्ये तो आधी सापडतो.

काढलेला ओटू सेन्सर फेकू नका, तो चांगलाच होता. परत लावायची वेळ आली तर टोकाला तेल किंवा अँटीसीझ लागू देऊ नका, फक्त आट्यांना.