प्रतिसाद: सीमा माणसांच्या, जंगल एकच

केवळ परदेशी देणग्यांमुळे पर्वतीय गोरिला वाचले, हे वर आलेलं मत मला अपुरं वाटतं. या गोरिलांचं घर असलेलं आफ्रिकेतलं विरुंगा डोंगररांगेचं जंगल रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांत पसरलंय. कळप आज इकडे, उद्या पलीकडे. त्यामुळे एकट्या देशाने राखण करून भागत नाही. १९८१मध्ये तिथे जेमतेम अडीचशे गोरिला होते, २०१५-१६च्या संयुक्त गणनेत ६०४! काँगोत युद्ध पेटलेलं असतानाही तिन्हीकडचे वनरक्षक संपर्कात राहिले. काँगोच्या बाजूच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात तर दोनशेच्या वर वनरक्षकांनी जीव गमावलाय, त्यांचं नावही कुणी घेत नाही. शिवाय रवांडा २०१७पासून उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातले १० टक्के आसपासच्या गावांना देतो. माझ्या मते तो वाटा अजून वाढायला हवा.