दहा खोकी सोडली की जीआरबीची जागा कळते, हे गणितात बसत नाही

व्याध

काल त्रिकोण यांनी जीआरबीबद्दल, म्हणजे दूर आकाशात अचानक होणाऱ्या गॅमा-किरणांच्या स्फोटांबद्दल, लिहिलं: "स्विफ्टसारखे मोठे उपग्रह आता कालबाह्य झालेत. पृथ्वीभोवती दहा खोकी सोडा, स्फोट प्रत्येकाला कधी दिसला त्या वेळांतला फरक काढा, जागा हातात. मग हान्लेला नि पालोमारला रात्रभर आकाश विंचरत बसायची गरजच नाही."

(स्विफ्ट म्हणजे असे स्फोट टिपणारा नासाचा उपग्रह, खोकी म्हणजे खोक्याएवढे छोटे उपग्रह; लडाखमधल्या हान्लेला नि कॅलिफोर्नियातल्या पालोमारला दुर्बिणी आहेत.) शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना.

दोन खोकी ६५० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या दोन बाजूंना अगदी समोरासमोर ठेवा. अंतर चौदा हजार किलोमीटर, प्रकाशाला लागणारा वेळ ४७ मिलिसेकंद. तुमची अख्खी फूटपट्टी एवढीच. आणि तीही पुरी वापरता येत नाही. ४७ चा फरक मिळायला स्फोट दोघांना जोडणाऱ्या रेषेवर हवा, आणि तिथे मागच्या खोक्यासमोर पृथ्वीच आडवी येते. त्या उंचीवरून पृथ्वी जवळजवळ ३० टक्के आकाश झाकते. दोघांनाही दिसणारे स्फोट जोडरेषेशी साधारण ६५ ते ११५ अंशांतलेच. म्हणजे फरक फार तर वीस मिलिसेकंद.

तो मोजायचा कशावर? जीपीएसमुळे घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत पक्कं असतं, अडचण तिथे नाहीच. अडचण फोटॉनांची आहे. दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला एक फोटॉन देणारा स्फोट घ्या. ग्रबअल्फा या छोट्या उपग्रहाचा, फोटॉन टिपणारा सिझियम आयोडाइडचा तुकडा ७५ बाय ७५ मिलिमीटर, म्हणजे ५६ चौरस सेंटिमीटर. सेकंदाला ५६ फोटॉन. मिलिसेकंदाचे खण पाडले तर अठरा खणांत मिळून एक फोटॉन पडतो, आणि त्याच खणांत पार्श्वभूमीचेही पडत असतात. लांब स्फोटाचा चढउतार मुळात गुळगुळीत. क्रॉस-कोरिलेशनचं (दोन नोंदी सरकवून जुळवून पाहण्याचं) शिखर पसरट येतं आणि चूक सहज तीस मिलिसेकंदांवर जाते. वीस मोजायचे आणि चूक तीसची, मग जागा कुठून येणार?

स्विफ्टवरच्या बॅट या गॅमा-किरण दुर्बिणीला वेळेची गरजच पडत नाही. वर शिशाचे सुमारे ५२,००० तुकडे, प्रत्येक ५ मिलिमीटर चौरस आणि १ मिलिमीटर जाड. एक मीटर खाली ३२,७६८ कॅडमियम झिंक टेल्युराइडचे डिटेक्टर. शिशाची सावली कुठे पडली त्यावरून दिशा कळते, चूक तीनेक कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). मग उपग्रह स्वतःच वळतो, मिनिटा-दोन मिनिटांत क्ष-किरण दुर्बीण तिथे लागते आणि चूक काही विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येते. हे काम खोक्यांकडून होत नाही.

त्रिकोण

व्याध, तुम्ही सगळ्यात मिळमिळीत स्फोट निवडून गणित मांडलंत. टोकदार, छोटा, तेजस्वी स्फोट घ्या. चूक एका मिलिसेकंदावर येते, वेळेच्या एका फरकावरून आकाशात मिळणारं संभाव्य जागांचं कडं सव्वा अंशाचं होतं. तीन-चार उपग्रह असले की कडी एकमेकांना छेदतात.

आणि स्विफ्टची आरती ओवाळताना हेही सांगा की बॅट एका वेळी आकाशाचा जेमतेम नववा हिस्सा बघतो. ९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए आठवा. इतका तेजस्वी स्फोट आजवर नोंदला गेलेला नाही. फर्मी या नासाच्या गॅमा-किरण उपग्रहाला १३:१७ यूटीला (जागतिक वेळ) ट्रिगर मिळाला. ती जागा तेव्हा बॅटच्या टापूत नव्हती. बॅटने तो ५३ मिनिटांनी टिपला, तोही आपल्याच आकाशगंगेतला नवा क्ष-किरण स्रोत समजून, आणि नावही तसंच दिलं गेलं. शिवाय फर्मीचे डिटेक्टर फोटॉनांच्या गर्दीत गुदमरले, शिखर थेट मोजता आलं नाही. ते कोणी मोजलं? एका युनिटच्या, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एकाच खोक्याएवढ्या, ग्रबअल्फाने. छोटं क्षेत्रफळ तिथे कामाला आलं.

व्याध

ग्रबअल्फाचं मान्य. शिखराची तीव्रता त्याने मोजली, ते मोलाचं काम आहे. पण जागा त्याने दिली का? उशिरा का होईना, ती स्विफ्टनेच दिली. माझा मुद्दा पहिल्यापासून तेवढाच आहे.

त्रिकोण

मग १५ एप्रिल २०२० चं काय? एनजीसी २५३ या दीर्घिकेतल्या मॅग्नेटारचा (प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा) भडका. जागा वीसेक चौरस कलांपर्यंत आणली ती एकमेकांपासून दूर असलेल्या यानांच्या आंतरग्रहीय जाळ्याने, निव्वळ वेळेच्या फरकावरून. मंगळाभोवतीचं मार्स ओडिसी, विंड यानावरचं कोनस हे उपकरण, फर्मी, इंटिग्रल, स्विफ्ट. त्रिकोणमिती चालत नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पचवून दाखवावं.

व्याध

त्रिकोणमिती चालत नाही असं मी कुठे म्हटलं? पृथ्वीच्या कक्षेत चालत नाही म्हटलं. विंड पंधरा लाख किलोमीटरवर आहे, फूटपट्टी पाच सेकंदांची. चूक १० मिलिसेकंद धरली तरी कड्याची अर्धी जाडी सात कला. मार्स ओडिसी तर कित्येक प्रकाश-मिनिटांवर. तिथे चौथाई सेकंदाच्या नोंदीही पुरतात. पण दूरच्या यानाचा डेटा त्याची पाळी येईल तेव्हा खाली येतो, तासांनी किंवा दिवसांनी. तोवर आफ्टरग्लो (स्फोटामागे उरणारी, मंदावत जाणारी चमक) विझायला आलेला असतो.

शिवाय दोन डिटेक्टरांचा ऊर्जापट्टा वेगळा असला की तुलनाच फसते. कमी ऊर्जेची शिखरं उशिरा येतात. एकाचा उंबरठा ३० केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) आणि दुसऱ्याचा ८० असेल तर पट्टे जुळवल्याशिवाय काढलेला फरक बराचसा स्फोटाचा स्वतःचाच असतो, अंतराचा नसतो.

अनुराधा

दुर्बिणींच्या "विंचरण्या"बद्दल लिहायलाच हवं, कारण ते कोणी हौसेने करत नाही.

फर्मीच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ डिटेक्टर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेत. कोणात किती मोजणी झाली त्या गुणोत्तरावरून दिशा काढतात. पृथ्वीच्या वातावरणावरून आणि यानाच्या अंगावरून विखुरलेले फोटॉनही त्यात घुसतात, म्हणून आकडेवारीची चूक शून्य धरली तरी तीन-चार अंशांची पद्धतीचीच चूक उरते. पाच अंश त्रिज्या धरा. ७८ चौरस अंश.

हान्लेच्या ७० सेंटिमीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीचं क्षेत्र ०.७ बाय ०.७ अंश. एका वेळी दिसणाऱ्या अशा १६० चौकटी झाल्या. २०.५ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका फिका) जायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे एका फेरीला तेरा तास. दहाव्या मिनिटाला असलेला आफ्टरग्लो, तो काळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो असं धरलं, तर तेरा तासांनी पावणेपाच प्रतींनी फिका. आणि एक फेरी पुरतही नाही. पहिल्या फेरीत लघुग्रह, लाल बटूंचे भडके, नोव्हासारखे तारे आणि जुने सुपरनोव्हा सगळे "नवे" म्हणून पुढे येतात. दुसऱ्या फेरीत कोण किती मंदावला ते पाहिल्यावरच गाळता येतात. पालोमारच्या झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याचं क्षेत्र ४७ चौरस अंश आहे म्हणून त्यांना हे झेपतं.

बॅटची तीन कलांची जागा आली तर आमचं काम एका चौकटीत होतं. त्रिकोण, तुमची सव्वा अंश जाडीची कडी चौकटींत मोजा आणि मग बोला.

तबकडी

एवढी घाई कशासाठी, हे कोणी सांगेल का? जीएमआरटीच्या (पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या) वारंवारतांवर आफ्टरग्लो सुरुवातीला स्वतःचंच उत्सर्जन शोषत असतो. १.२ गिगाहर्ट्झला शिखर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येतं. १७ ऑगस्ट २०१७ च्या, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा रेडिओ आफ्टरग्लो सोळा दिवसांनी दिसला. मिनिटांची ही शर्यत ऑप्टिकलवाल्यांनी सगळ्यांवर लादली आहे, आणि खोडदच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांचं नाव चर्चेत शेवटी येतं, आलं तर.

अनुराधा

सोळा दिवस नेमकं त्याच्या दीर्घिकेकडे, एनजीसी ४९९३ कडे, बघत राहता आलं, कारण स्वोप दुर्बिणीने अकरा तासांच्या आत तिथला नवा ठिपका पकडला होता. जागा आधी कळली होती, वाट नंतर पाहिली गेली. ती कळली नसती तर गुरुत्वीय लहरींवरून मिळालेल्या जवळजवळ ३० चौरस अंशांत कुठे तबकड्या लावल्या असत्यात?

तबकडी

त्या ३० चौरस अंशांतल्या, योग्य अंतरावरच्या दीर्घिका निवडून. स्वोपनेही तेच केलं.

अनुराधा

चाळीस मेगापार्सेकवर (सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर) ते जमलं. नेहमीचा जीआरबी अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असतो, तिथे दीर्घिकांची यादी पुरी नाही. जीएमआरटीच्या एका क्षेत्रात, चोवीसेक कलांत, डझनावारी रेडिओ स्रोत असतात. त्यांतला कोणता बदलला हे ठरवायला आधीचं तितकंच खोल चित्र लागतं. आणि रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला ते, ज्यावरून अंतर कळतं? आफ्टरग्लो तेजस्वी असताना वर्णपट घेतला तरच ती त्याच्याच प्रकाशातून मिळते.

तबकडी

रेडशिफ्ट यजमान दीर्घिकेवरूनही मिळते, महिन्यांनी, मोठ्या दुर्बिणीने. रेडिओचं स्थान दोन विकलांपर्यंत पक्कं असतं, त्यामुळे यजमान ओळखताना घोळ होत नाही. धुळीत दडलेल्या स्फोटांना तर ऑप्टिकल आफ्टरग्लो दिसतच नाही. तुमची पहिली दहा मिनिटं तिथे वाया. एवढं तरी मान्य करा.

अनुराधा

धुळीतल्या स्फोटांपुरतं मान्य. पण तिथेही तुम्हाला सुरुवात क्ष-किरणांच्या जागेवरूनच करावी लागते, आणि ती पहिल्या काही तासांतच मिळते. "घाई कशाला" हे मी मान्य करणार नाही.

व्याध

तबकडी, अनुराधा, मूळ प्रश्नाकडे येऊ. एक गोष्ट त्रिकोण यांच्या बाजूचीही सांगायला हवी. त्या १७ ऑगस्टला भारतीय उपग्रह अॅस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या उपकरणाला काही दिसलं नाही, कारण स्रोत त्याच्या दृष्टीने पृथ्वीमागे होता. पण तेही कामाला आलं. एवढ्या तीव्रतेचा स्फोट दिसला नाही म्हणजे तो पृथ्वीने झाकलेल्या भागात, आणि फर्मीचा विस्तीर्ण डाग त्यावरून आकसता आला. जास्त उपग्रह असण्याचा हा खरा फायदा. वर्तमानपत्रं "अॅस्ट्रोसॅटने स्फोटाची जागा शोधली" असं छापतात त्याचा मात्र मला राग येतो. त्याचा मास्क (बॅटसारखी सावली पाडणारी जाळी) ४.६ अंशांच्या खिडकीसाठी आहे. शंभर केईव्हीच्या वर यानाची भिंतच पारदर्शक होते म्हणून तो बाजूचे स्फोट पकडतो, पण दिशा सांगत नाही. उलट ध्रुवीकरण काढायला पुण्याच्या आयुकातल्या त्याच्या केंद्राला दुसऱ्याने दिलेली जागा लागते.

त्रिकोण

म्हणजे संख्या वाढवा हे माझं म्हणणं तुम्ही फिरून मान्य केलंत. दक्ष या भारतीय मोहिमेचा प्रस्तावही समोरासमोरच्या दोन उपग्रहांचाच आहे.

व्याध

दोन आहेत ते एकाला पृथ्वीमुळे न दिसणारं दुसऱ्याला दिसावं म्हणून. वेळेच्या फरकावर जागा काढण्यासाठी नव्हेत. संख्येने स्फोट सुटणार नाहीत, हे मान्य. जागा मिळेल, हे अमान्य.

त्रिकोण

ठीक. पृथ्वीच्या कक्षेतल्या खोक्यांवर कला-विकलांची जागा मिळत नाही, हे मागे घेतो. पण एक खोकं विंडच्या शेजारी एल१ ला, म्हणजे सूर्य-पृथ्वीमधल्या समतोल बिंदूपाशी, ठेवून त्याला दिवसभराचं रेडिओ केंद्र दिलं, तर कडं तासाभरात हातात येईल. याला तुमच्याकडे उत्तर नाही.

व्याध

५६ चौरस सेंटिमीटरवर नाही येणार. कोनसचे दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर प्रत्येकी १३ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. तेवढं क्षेत्रफळ, एल१ वरून सतत डेटा पाठवेल इतकी वीज आणि अँटेना, हे सगळं धरून वजन मांडा. मग ते खोकं किती मोठं होतं ते बघू.

अनुराधा

आणि एकटं कडं दिलंत तर १४ कला रुंदीची पट्टी आकाशभर गेलेली असेल. त्यावर फर्मीचा डाग ठेवून किती चौकटी उरतात तेही मांडा. पाच अंश त्रिज्येच्या डागातून ती पट्टी मधोमध गेली तर दहा अंश लांब, पंधरा चौकटी. सव्वा तास. तेवढं आम्हाला चालेल.