उत्तरायण डिसेंबरात, मग संक्रांत १४ जानेवारीला का?

सह्यपठार
संक्रांत जवळ आली की वर्तमानपत्रापासून शाळेच्या फळ्यापर्यंत तेच वाक्य: "आजपासून उत्तरायण सुरू, दिवस मोठा होऊ लागतो." हे चूक आहे. सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. १४ जानेवारी येईपर्यंत सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटलेले असतात.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून ताऱ्यांमधली मकर रास आणि सूर्य वळतो तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढत जातं, साधारण ७२ वर्षांना एक दिवस. तिसऱ्या शतकाच्या सुमारास दोन्ही एकत्र होते, आज सुमारे २४ अंशांची फारकत आहे. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता १४, पुष्कळदा १५. सण सूर्याच्या वळण्याचा आहे, तर तो सूर्य वळतो त्या दिवशी करावा, असं माझं ठाम मत आहे.

ओंबी
माझा पूर्ण विरोध. सुगडात काय भरतो आपण? उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. आमच्याकडे दिवाळीनंतर पेरलेला गहू २२ डिसेंबरला नुसतं हिरवं पातं असतो. पोटरीतून ओंबी बाहेर पडायला जानेवारी उजाडतो. भोगीच्या भाजीचंही तेच: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा हे सगळं एकदम आणि भरपूर मिळतं ते याच दिवसांत. वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हा सण शेतातून आलाय. गणित त्याला मागाहून चिकटलं असावं.

सह्यपठार
ओंबीताई, पिकाचाच मुद्दा धरू. पीक ऋतूवर चालतं आणि नक्षत्रांवर बांधलेली संक्रांत ऋतूंपासून सरकते आहे. हजार वर्षांत ती आणखी १४ दिवस पुढे जाईल, दोन हजार वर्षांत फेब्रुवारीच्या मध्यावर. तेव्हा ओंब्या वाळायला लागलेल्या असतील. २२ डिसेंबर नको असेल तर निदान १४ जानेवारी कायमची बांधून टाका.

पहाटफेरी
एक गोष्ट कुणी बोलत नाही. मुंबईत २२ डिसेंबरला सूर्य साधारण ७:०७ ला उगवतो आणि १४ जानेवारीला ७:१४ ला, म्हणजे आणखी उशिरा! दिवस वाढलेला असतो, पण तो सगळा संध्याकाळकडे: सूर्यास्त ६:०५ वरून ६:१९ वर गेलेला. सूर्योदय लवकर व्हायला लागतो तो जानेवारीचा मध्य ओलांडल्यावर. पहाटे उठून मोटेवर जाणाऱ्या माणसाला "आता उजाडतंय लवकर" असं जाणवे ते संक्रांतीनंतरच. त्याच्या डोळ्यांना खोटं ठरवू नका.

माघस्नान
मुळात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. उत्तरायणारंभ पंचांगात डिसेंबरात वेगळा छापलेला असतो, उघडून पाहा. चुकीचं वाक्य बोलणारे चुकतात, सण चुकत नाही. शिवाय पोंगल आणि माघ बिहूही याच सुमारास असतात. आपणच उठून दुसरीकडे गेलो तर काय मिळवलं? राशींचा आरंभ वेगळ्या बिंदूपासून धरणाऱ्या टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. ते पाळणारी घरं आहेत, पण बाकीचा गाव १४ लाच तिळगूळ वाटतो. नाताळचंही पाहा. जुन्या रोमन गणनेत २५ डिसेंबर हाच सूर्य वळण्याचा दिवस होता. आज तो २१-२२ ला वळतो, म्हणून नाताळ कुणी हलवला नाही.

सह्यपठार
परंपरेचाच दाखला हवा तर वराहमिहिर घ्या. बृहत्संहितेत तो सरळ म्हणतो की जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलंय, पूर्वी कधीतरी ते तसं असेलही, पण सध्या ते मकरारंभी होतं. सहाव्या शतकातला हा माणूस आकाश पाहून वाडवडिलांचं वाक्य दुरुस्त करतो, आणि आपण त्याचं वाक्य दीड हजार वर्षं तसंच धरून बसलोय! शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने आखलेली राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ पासून लागू आहे. तिच्यात १ पौष २२ डिसेंबरलाच येतो. तोडगा तयार आहे, घरात आणायचा बाकी आहे.

ओंबी
तो कागदावरच राहिला, कारण त्यात स्वयंपाकघर कुठेच नव्हतं. नव्या सुनेचे हलव्याचे दागिने, लेकराचं बोरन्हाण, रथसप्तमीपर्यंत रंगणारी हळदीकुंकवं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. एक टोक ओढलं की सगळं हलतं. २२ डिसेंबरला मुलांना अंगणात काठी रोवून दुपारची सावली मोजायला लावा, मी स्वतः लावीन. पण सुगड जानेवारीतच पुजणार. आणि तुम्ही १४ तारीख बांधून टाका म्हणता, तर ज्या वर्षी पंचांग १५ सांगेल त्या वर्षी तुमच्या घरी वाण कोणत्या दिवशी लुटायचं, तेवढं सांगा.