बाबांचं रक्त रिसर्चसाठी ठेवायला मागतायत, द्यावं का? (इंदूर)

पलासियाकर
बाबांची (वय ६८) इथेच इंदूरला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात ॲन्जिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत. फॉलोअपला गेलो तर एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या, म्हणे थोडं जास्तीचं रक्त घेतो, बायोबँकेत ठेवतो, हार्टच्या रिसर्चसाठी. पैसे घेणार नाहीत, पण रिपोर्टही देणार नाहीत. बाबा म्हणतात देऊन टाक, तसंही दर वेळी काढतातच. काका म्हणून राहिले की हे लोक विकतात सगळं. फॉर्म इंग्रजीत आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा, सही करायची की नाही?

रामबागची_लेक
मी पुण्यात अशाच एका लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. बाबांना स्वतःला यातून काही मिळणार नाही हे आधीच धरून चला, रिपोर्ट नाही म्हणाले ते खरंच सांगितलं त्यांनी. फायदा पुढच्यांना. आता बाबांना स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती) चालू असेल ना, ती गोळी पोटात गेल्यावर लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाचं बनवतं, आणि काही लोकांत ते एन्झाइमच जन्मतः ढिलं असतं, त्यांच्यात गोळी नीट लागू पडत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषध खातं) २०१० मध्येच याची मोठी वॉर्निंग घातली गोळीवर. आपल्याकडे असे लोक बरेच आहेत. (हे वाचून गोळी बंद करू नका प्लीज!! डॉक्टरांना विचारा.)

अजून एक, एमवायबीपीसी३ म्हणून हार्टचा जीन आहे, त्यातली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असली की हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो. दक्षिण आशियात साधारण ४ टक्के लोकांत हे सापडतं, २००९ मध्ये पेपर आला. गोऱ्या लोकांचे कितीही नमुने तपासा, हे कळलंच नसतं. यूके बायोबँकेत ५ लाख लोक आहेत पण बहुतेक सगळे गोरेच, म्हणून तर आपल्याकडे जीनोम इंडिया काढलं, २०२० ला सुरू, १०,००० लोकांचे जीनोम (म्हणजे अख्खा डीएनए), जानेवारी २०२५ पासून तो डेटा फरीदाबादच्या सेंटरमधून संशोधकांना मिळतोय.

शंकासुर
ताई सगळं पटलं, पण सरकारी प्रोजेक्ट वेगळा आणि गल्लीतलं प्रायव्हेट हॉस्पिटल वेगळं. उद्या कुठल्या औषध कंपनीला नमुने दिले तर याच्या बाबांना कोण विचारणार? आणि मे महिन्यात लाइट जाते तेव्हा त्या फ्रीजरचं काय, ते सांगा आधी.

रामबागची_लेक
फ्रीजरचं बरोबर विचारलंत, खरी मारामारी तिथेच आहे. उणे ८० डिग्रीचे फ्रीजर म्हणजे जनरेटर हवा, अलार्म हवा, रात्री फोन उचलणारा माणूस हवा, आणि नमुना एकदा वितळून परत गोठला की प्लाझ्मातल्या बऱ्याच तपासण्यांचा भरवसा राहत नाही. मशीन घ्यायला पैसे मिळतात, त्या माणसाच्या पगाराला मिळत नाहीत, हे मी रोज बघते. आणि ट्यूबला बारकोड असून भागत नाही, पेशंटला पुढे काय झालं, परत ॲटॅक आला का, कोणती औषधं चालली, हे त्या बारकोडला जोडलेलं नसेल तर ते नुसतं गोठलेलं रक्त, कोणाच्या कामाचं नाही.

कंपनीचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइन आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, फॉर्म तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो, आणि नंतर मन बदललं तर नाव मागे घेता येतं, ट्रीटमेंटवर त्याचा परिणाम होता कामा नये.

झाबुआ_रोड
मी त्या बाजूला सरकारी दवाखान्यात आहे. तुमचे जीनोम मोठे लोक बघतील, आमच्याकडे सिकलसेलची (रक्ताचा जन्मजात आजार) पोरं सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं पेनकिलर खाऊन राहिलेली असतात. १ जुलै २०२३ ला शहडोलला सिकलसेलचं सरकारी मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. किट आले, चाचणी होते. पण कन्फर्म करायला एचपीएलसी मशीन लागतं, ते मोठ्या जागी, नमुना तिकडे जाणार, रिपोर्ट येईपर्यंत माणूस मजुरीला गुजरातेत गेलेला. मला विचाराल तर फ्रीजरपेक्षा त्या रिपोर्टला माणसापर्यंत पोचवायची सोय आधी करा.

रामबागची_लेक
@झाबुआ_रोड, यावर मी काय बोलू, खरंय. फक्त एवढंच की माणूस आणि त्याचा रिकॉर्ड जोडून ठेवायची बोंब दोन्हीकडे सारखीच आहे.

पलासियाकर
थँक्यू सगळ्यांना. आज जाऊन विचारलं. एथिक्स कमिटीचा नंबर फॉर्मवर आहे, कंपनीला देणार का याला वेगळा चौकोन आहे, तिथे 'नाही' करता येतं. हिंदी फॉर्म पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. जनरेटरचं विचारलं तर मॅडम हसल्या, म्हणाल्या हे पहिल्यांदाच कोणी विचारलं, आहे म्हणे. हिंदी फॉर्म आला की बाबा स्वतः वाचून ठरवतील, काकांना तोपर्यंत सांगत नाही.

शंकासुर
जनरेटर आहे म्हणजे डिझेल पण आहे का, ते राहिलं विचारायचं 😄