बर्गंडीतील दगडी ‘लाव्वार’: एवढी वास्तू कशासाठी?

प्रश्न

फ्रान्समधील बर्गंडी भागात एका लहान खेड्याच्या मध्यभागी दगडी खांबांची एक इमारत पाहिली. आत आयताकृती हौद, काठाला पाण्याकडे उतरत्या बसवलेल्या शिळा, आणि छप्पर केवळ काठांवर. हौदावर मोकळे आकाश. कमानीवर १८५६ असे कोरलेले होते. हे गावकीचे धुणे धुण्याचे ठिकाण, म्हणजे ‘लाव्वार’, असे समजले. नदी हाकेच्या अंतरावर असताना गावाने एवढा खर्च का केला असावा?

प्रतिसाद १

कोरलेले वर्ष इमारतीचे असते. झऱ्यावर धुणे धुण्याचा प्रघात बहुधा त्याहून पुष्कळ जुना असतो. तोनेर गावातील फॉस दियॉन या गोल झऱ्याभोवतीचे लाव्वार तर १७५८ चे आहे. तरीही १८५० नंतरची वर्षे वारंवार दिसतात, त्यामागे १८३२ आणि १८४९ च्या पटकीच्या साथींची भीती आहे. ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे व धुण्याच्या जागा बांधण्यासाठी ६ लाख फ्रँक मंजूर झाले. सरकार खर्चाचा काही भाग उचलत असे, उरलेला गावाने उभा करायचा. बर्गंडीतील अनेक गावांनी त्यासाठी सामाईक जंगलातील लाकूड विकले. गंमत अशी की रोग दूषित हवेतून पसरतो, असेच त्या काळी बहुतेक वैद्य मानत होते. कारण चुकले, उपाय मात्र कामी आला.

प्रतिसाद २

वरील माहितीत एक भर घालतो. लाव्वारमध्ये कपडे ‘धुतले’ जात, हे अर्धेच खरे आहे. चादरी आणि सदरे यांचे मोठे धुणे वर्षातून दोन-चारदाच निघे, आणि त्याचे मुख्य काम घरीच होई: मोठ्या लाकडी पिंपात कपडे रचायचे, वर जाड फडक्यात लाकडाची राख पसरायची, तिच्यावर कढत पाणी ओतायचे, तळाशी झिरपलेले पाणी पुन्हा तापवून पुन्हा वर घालायचे, हे तासन्‌तास चाले. मग ते ओले, जड ओझे ढकलगाडीवर लादून लाव्वारला आणले जाई. तेथे बायका पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बसत आणि कपडे उतरत्या शिळेवर थापीने बडवून खळबळत. मोकळ्या छपरातून उजेड येई, आणि आत झुकलेल्या पाख्यांवरचे पावसाचे पाणीही थेट हौदात पडे.

प्रश्नकर्ता

झऱ्याकडच्या बाजूला आणखी एक छोटा हौद होता, आणि त्याच्या काठाच्या शिळा मोठ्या हौदाच्या मानाने कमी झिजल्या होत्या. तो जनावरांसाठी असावा का?

प्रतिसाद २

तो शेवटचे खळबळण्याचा हौद असावा. ताजे पाणी आधी त्यात येई आणि तेथून वाहत मोठ्या हौदात जाई, म्हणजे साबणाचा फेस उलटा वर येत नसे. बडवण्याचे काम मोठ्या हौदावर चाले, त्यामुळे तेथील दगड अधिक झिजलेला दिसतो. जनावरांची कुंडी असलीच तर सहसा इमारतीबाहेर असते.