पाचारण आपल्याच माणसांकडे : असिरियन ख्रिस्ती समाजात सुवार्ताकार्य हवे का?

अक्षरवेध (धागाकर्ता)

ज्यांच्या पूर्वजांनी 635 मध्ये चीनच्या राजधानीपर्यंत सुवार्ता नेली आणि ज्यांच्या उपासनेत आजही येशूच्या बोलीची सख्खी बहीण शोभावी अशी सुरयानी ऐकू येते, त्या असिरियन लोकांना, म्हणजे इराक, इराण आणि तुर्कस्तान परिसरातल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला, पुन्हा सुवार्ता कशासाठी सांगायची, असा प्रश्न आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात निघाला. एखादा असिरियन विश्वासी शिकागोत किंवा सिडनीत ‘देवाने मला माझ्याच लोकांकडे पाठवले आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे पाचारण खरे मानावे की प्राचीन मंडळीत फूट पाडणारे, यावर वर्गात दोन तट पडले. मी ते पाचारण खरे मानतो.

1915 चा सैफो, म्हणजे ऑटोमन राज्यातली कत्तल, 1933 चे इराकमधील सिमेले येथील हत्याकांड आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या हल्ल्यामुळे उत्तर इराकमधील निनवेच्या मैदानातून जीव मुठीत धरून झालेले पलायन, एवढे सोसून या समाजाने ‘ख्रिस्ती’ हे नाव टिकवले. मात्र ज्या नावासाठी इतके रक्त सांडले, ते नाव हळूहळू वंशाची खूण होऊन बसते. परदेशात जन्मलेल्या मुलाला घरातली सुरेथ बोली थोडीफार कळते, वेदीवरची अभिजात सुरयानी कळत नाही. तो बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मातीला चर्चमध्ये येतो, आणि ‘मी असिरियन आहे म्हणून ख्रिस्ती आहे’ एवढाच त्याचा विश्वास उरतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल आपल्या रक्ताच्या बांधवांसाठी स्वतः ख्रिस्तापासून तुटायलाही तयार होतो. असा कळवळा ज्याच्या पोटात आहे, त्याला ‘तुझे लोक आधीच ख्रिस्ती आहेत’ असे सांगून घरी बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जुनी वाट

कळवळ्याबद्दल माझी शंका नाही. परंतु कळवळ्याने आलेल्यांनी या समाजाचे काय केले, तेही पाहावे लागेल. 1553 मध्ये योहन्नान सुलाका रोमला जाऊन पॅट्रिआर्क, म्हणजे मंडळीचे सर्वोच्च धर्मगुरू, म्हणून मान्यता घेऊन आले आणि त्यातून खाल्डियन कॅथलिक शाखा उभी राहिली. 1835 मध्ये अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशनसंस्थेचे जस्टिन पर्किन्स वायव्य इराणमधील उर्मियाला पोहोचले, ते जुन्या मंडळीला जागे करण्याच्या हेतूने. तरी पुढच्या काही दशकांत प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगळ्या झाल्याच. 1898 मध्ये त्याच प्रदेशातले बिशप मार योनान आपल्या लोकांसह रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले. अशा रीतीने एकाच मुठीतल्या माणसांच्या हाती चार वेगवेगळ्या वेदी आल्या. कॅंटरबरीच्या आर्चबिशपांनी 1886 मध्ये पाठवलेल्या मिशनने मात्र ‘आम्ही कोणाला अँग्लिकन करणार नाही, त्यांच्याच मंडळीला बळ देऊ’ असे धोरण ठेवले, आणि मला तीच वाट योग्य वाटते. ज्या पाळकाला पाचारण झाले आहे, त्याने आपल्या बिशपांकडे जाऊन सुरेथमध्ये पवित्र शास्त्राचे वर्ग मागावेत. भाड्याच्या सभागृहात नवी मंडळी थाटू नये.

दुवा

दोघेही उपदेशाबद्दलच बोलत आहात. निनवेच्या मैदानातल्या कुटुंबाला आधी छप्पर, शेताचा कागद आणि मुलांची शाळा हवी आहे. ही सेवा करणाऱ्याने धान्याच्या पोत्याआड पत्रके ठेवू नयेत, कारण पोटाच्या गरजेपोटी दिलेला होकार हा विश्वास नव्हे. मात्र का आलास असे कोणी विचारले, तर त्याने ख्रिस्ताचे नाव लपवूही नये.

अक्षरवेध

दुवा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जुनी वाट यांच्या इतिहासातला एक तपशील मात्र राहिला. 1840 मध्ये उर्मियाला छापखाना आला, 1846 मध्ये तेथे बोलीभाषेतला नवा करार छापला गेला आणि 1849 मध्ये ‘झहरीरे द-बहरा’, म्हणजे ‘प्रकाशाचे किरण’, हे नियतकालिक सुरू झाले. ज्या सुरेथच्या वर्गांसाठी आपण बिशपांकडे जायला सांगता, त्या सुरेथला छापील रूप मिळण्यात याच पाहुण्यांचा मोठा वाटा होता. आपल्याला हे परके वाटू नये, कारण त्याच अमेरिकन बोर्डाने 1813 मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केले आणि 1842 मध्ये त्याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघाले. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगातून गायला, तेव्हा आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेल्या सुवार्तेची गोडी काय असते, ते आपल्याला कळले. असिरियन सुवार्तिक याहून वेगळे काय मागतो?

जुनी वाट

छापखान्याचे ऋण मी नाकारत नाही. पण टिळकांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो मंडळ्यांच्या भिंतींपलीकडच्यांनाही एकत्र बसता यावे म्हणून. त्यांना आणखी एक पंथ काढायचा नव्हता. असिरियन मंडळीने आणि रोमने 1994 मध्ये ख्रिस्ताविषयी समान विश्वास जाहीर केला, तेव्हा साडेपंधरा शतकांचा दुरावा कमी झाला. अशा वेळी आपला सुवार्तिक घरोघर जाऊन ‘तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे’ असे सांगणार असेल, तर माझा विरोध आहे.

अक्षरवेध

तसे तो सांगणार असेल, तर माझाही विरोध आहे. पण परदेशात जन्मलेल्या त्याच मुलाने ‘मला आता प्रार्थना करता येते, ती कोठे करू?’ असे विचारले आणि गावच्या चर्चमध्ये त्याला समजणारा एकही शब्द उच्चारला जात नसेल, तर त्या सुवार्तिकाने त्याला काय उत्तर द्यावे, ते आपण सांगावे.